मास्तरांच्या डोळ्याची कड

मास्तरांना मान वळवलेली खपायची नाही. त्यांनी हाक मारली आणि तुम्ही वळून बघितलंत, की संपलं. "काय शोधतोयस मागं? काही पडलं का?" असं विचारायचे. पोरगं म्हणायचं, मास्तर, तुम्ही हाक मारली म्हणून बघितलं. तर म्हणायचे, "हाक मारायच्या आधी मी इथं नव्हतो का? तेव्हाच का नाही दिसलो?"

 पोरं परत समोर बघायला लागायची.

आखाडा जुन्या बडोद्यातला, रावपुऱ्याच्या मागच्या गल्लीत. मी तिथं झाडलोट करायचे, तांबडी माती चाळून तिच्यात तेल आणि ताक घालून कालवायचे, संध्याकाळी पोरांसाठी दूध तापवायचे. नवरा वाघोडियाच्या कारखान्यात होता. तो वारल्यावर शेजारच्या बाईनं मला या कामाला लावलं. शाळा माझी चौथीपर्यंतच. पण माती चाळायला शाळा लागत नाही, कंबर लागते.

मास्तर लाठी शिकवायचे. तसं लाठी शिकवणारे बडोद्यात पुष्कळ होते. पण यांची तऱ्हा वेगळी. नवीन पोरगं आलं की महिनाभर त्याच्या हातात लाठी द्यायचेच नाहीत. समोरच्या भिंतीत एक मोठा खिळा ठोकलेला होता, त्याला शेंदूर लावलेला. पोराला त्याच्यासमोर उभं करायचे. "खिळ्याकडं बघ. आता न बघता सांग, तुझ्या डाव्या हाताला कोण उभं आहे. उजव्या हाताला दोरीवर काय वाळत घातलंय." पोराचे डोळे पळायचे. मास्तर टपली मारायचे. "बघू नको रे. दिसू दे."

बघू नको, दिसू दे. हे दिवसातून किती वेळा म्हणायचे त्याला हिशेब नाही. त्यांचं म्हणणं असं, की माणूस समोर बघतो ते सगळ्यांनाच येतं, बैलालाही येतं. खरी राखण डोळ्याच्या कडेला असते. मार कधी समोरून येत नाही, बाजूनं येतो. म्हणून कड मोठी करायची. दंडाला जसा व्यायाम, तसा कडेला. आणि मेहनत केली की मिळते, असं ते छातीवर हात मारून सांगायचे.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम लिंबं असायची. बोलता बोलता बाजूनं फेकायचे. कुणाच्या कानावर, कुणाच्या खांद्यावर. ज्यानं न वळता झेललं तो पास. दिवसभर मार खाऊन ती लिंबं मऊ पडायची, मग मी त्यांचं सरबत करायचे. मास्तर म्हणायचे, "बघ, आमच्या आखाड्यात लिंबू पण तयार होऊनच गिलासात जातं."

फोनवर फार राग. आत शिरताना सगळ्यांनी आपापला फोन बादलीत ठेवायचा. रिकाम्या बादलीतच, पण नवीन पोरांचा जीव वर-खाली व्हायचा. "या डबड्यानं तुमची कड खाल्ली," म्हणायचे. "साप आला तरी तुम्ही त्याचा फोटो काढाल, आणि मग विचाराल, चावला कोण?"

संध्याकाळी आखाड्याच्या ओट्यावर बसायचे. खिळा भिंतीवर होता तो आत. ओट्यावर बसले की समोरच्या घराच्या कडीकडं नजर लावायचे आणि गल्लीतून कोण कोण जातंय ते सांगायचे. मान अजिबात न हलवता. "डावीकडनं जोशीबाई. पिशवीत कोथिंबीर, आज वड्या दिसतायत." जोशीबाई लाजून हसायच्या. "मास्तर, जरा सरळ माझ्याकडं बघून बोला की!" तर म्हणायचे, "सरळ बघितलं तर लोक काय म्हणतील?" गल्लीतली गुजराती मंडळी त्यांना साहेब म्हणायची. शेवउसळीच्या गाडीवाला तर गिऱ्हाईकांना घेऊन यायचा, "जुओ, साहेब जोया वगर बधुं जुए छे." बघा, साहेब न बघता सगळं बघतात.

लग्न केलं नव्हतं त्यांनी. कुणी विचारलं तर सांगायचे, "बायका समोरून येतात. मला बाजूचं दिसतं. चुकामूक झाली."

माझ्यावर त्यांनी लिंबू एकदाच फेकलं. मी कामाला लागून थोडेच दिवस झाले होते. मी खाली बसून माती चाळत होते, मान खाली, डोळे चाळणीत. डाव्या बाजूनं काहीतरी आलं आणि माझा हात आपोआप वर गेला. चाळणी पडली. लिंबू हातावर आपटून पडलं. डोकं मी खांद्यात घातलेलं, तशीच बसून राहिले.

पोरं टाळ्या वाजवायला लागली. "मावशीनं अडवलं, मावशीनं अडवलं!" मास्तर हसले नाहीत. पोरांना म्हणाले, पळा, दंड काढा. मग माझ्यासमोर येऊन उकिडवे बसले.

"तुझी कड कुणी तयार केली, बाई?"

मी पडलेली चाळणी उचलून माती गोळा करायला लागले.  गुजरातेत दारू बंद आहे म्हणतात. ज्याला प्यायची त्याला मिळते. आणि माणूस समोर उभा राहून उजव्या हातानं मारतो तेव्हा ते आपल्या डाव्या कानावर बसतं. पोळ्या लाटताना, पाणी भरताना, पोरीची वेणी घालताना माझी डावी बाजू कायम जागी असायची. नवरा जाऊन वरीस झालं होतं तरी ती झोपली नव्हती.

मास्तरांनी ते सगळं माझ्या हाताकडं बघून वाचलं असावं. पडलेलं लिंबू त्यांनी उचललं, सदऱ्याला पुसलं. म्हणाले, "त्या बाजूला आता कुणी नाही." एवढंच. उठले आणि गेले. त्यानंतर माझ्याजवळून जाताना ते आधी खाकरायचे, किंवा चपला घासत यायचे. कितीही घाईत असले तरी. माझ्या डाव्या बाजूनं ते कधी आवाज न करता आले नाहीत.

माझी मुलगी मंगल. तिला मी आखाड्यात नेलं ते घरी एकटी कुठं ठेवू म्हणून. ती कोपऱ्यात बसून गृहपाठ करायची. एक दिवस मास्तर म्हणाले, "ही पोरगी वहीत बघते आणि माझे विद्यार्थी कुठं चुकतात ते सांगते. हिला उभी कर." मी म्हटलं, "मास्तर, पोरीची जात, लाठी शिकून काय करणार?" ते म्हणाले, "तू नाही शिकलीस, तर काय केलंस?" मी मंगलची वही मिटली.

मंगल शिकली. जयेश म्हणून एक पटेलांचा मुलगा होता, तो आणि ती, हे दोघं त्यांच्या हातचे घडलेले. जयेश जोरकस, मंगल चपळ. नवरात्रात मास्तर दोघांना गरब्याच्या मैदानावर न्यायचे. सगळं गाव नाचायला जायचं, ही तिघं मधल्या दिव्याकडं बघत खांबासारखी उभी. "निळा घागरा कुठं पोचला? टोपीवाला कितव्या फेऱ्याला दमला?" मंगल घरी येऊन म्हणायची, "आई, मला एकदा तरी गरबा खेळायचाय गं, मोजायचा नाहीये."

हनुमान जयंतीला घेर असायचा. तो बघायला लोक फतेगंजपासून यायचे. मास्तर मातीत मधोमध उभे राहायचे, हातात लाठी, नजर त्या शेंदरी खिळ्यावर. चार दिशांना चार विद्यार्थी. कोण कधी मारील ते ठरलेलं नसायचं. आणि नियम एकच होता, हात राखायचा नाही. पुरा वार करायचा. जयेशनं एका वर्षी भीतीनं हात आवरता घेतला, तर मास्तरांनी सगळ्यांसमोर त्याला घेराबाहेर काढला. "हात राखला म्हणजे तू मला मेलेला समजलास," म्हणाले. वर्षभर त्याला घेरात घेतलं नाही.

पटापट वार यायचे आणि मास्तरांची लाठी आधीच तिथं असायची. मान सरळ. लाठीला लाठी लागल्याचा आवाज तेवढा. त्या वेळी लोक श्वाससुद्धा हळू घ्यायचे. मला ते बघून दरवेळी एकच वाटायचं, की असं मला दिसलं असतं आणि हातात काही असतं, तर.

जाऊ दे.

चहावरनं मला पहिल्यांदा कळलं, काहीतरी बिनसलंय. मी मास्तरांना चारच्या सुमाराला ओट्यावर चहा द्यायचे, त्यांच्या डावीकडं, कारण उजवीकडं खांब. मी दारातून निघाले की ते समोर बघूनच म्हणायचे, "आज साखर जास्त पडलीय, तुझ्या चालण्यावरनं कळतं." मग एक दिवस काही बोलले नाहीत. मी कप ठेवला, आत गेले. परत आले तर चहा तसाच, साय धरलेला. म्हटलं विचारात असतील. दुसऱ्या दिवशी पण तसंच. तिसऱ्या वेळी त्यांनी हात टेकला तो कपावरच. कप फुटला.

"सांगून ठेवत जा की," माझ्यावरच ओरडले.

मी सांगून ठेवायला लागले. पण ज्या माणसाला जोशीबाईंची कोथिंबीर दिसायची त्याला चहा सांगावा लागतो, हे काही मला बरं वाटेना.

मग झेंडू. सकाळी पोरं यायच्या आधी मास्तर आवारातल्या कडुलिंबाच्या फांद्यांना दोऱ्यानं झेंडू टांगायचे. काही डावीकडं, काही उजवीकडं. मधे बसायचे, नजर समोर, आणि मला म्हणायचे, हलव एकेक. हललेलं दिसलं की बोट वर करायचे. पहिल्यांदा मला वाटलं नवीन काहीतरी तालीम काढली. पण डावीकडचं फूल मी हलवत राहायचे आणि बोट वर व्हायचंच नाही.

"हलवतेयस ना?"

"हलवतेय मास्तर."

"थोडं पुढं आण."

मी दोरा पुढच्या फांदीला बांधायचे. मग दिसायचं. दिसलं की खूश व्हायचे, "बघ, सरावानं उघडतंय." पण दिवाळीनंतर ते फूल आणखी पुढं आणावं लागलं. मग संक्रांतीला आणखी पुढं. आकाशात पतंग भरले होते, गल्लीतली पोरं गच्चीवरून बोंबलत होती, आणि आम्ही खाली झेंडू सरकवत होतो. "यंदा झेंडू फिका आलाय," म्हणाले. मी फुलाकडं बघितलं. लालभडक होतं.

मी सरळ बोलले. "मास्तर, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही. डोळ्याच्या डॉक्टरकडं चला."

माझ्याकडं असं बघितलं त्यांनी, जसं काही मी त्यांना चोर म्हटलंय. उठले, भिंतीवरच्या कॅलेंडरासमोर लांब उभे राहिले आणि त्यातली बारीक अक्षरं घडाघडा वाचायला लागले. तिथी, नक्षत्र, सूर्योदय. "डोळ्याला काही झालंय का? सांग. गल्लीत डोळ्यांचं शिबिर आलं होतं तेव्हा शेवटची ओळ वाचली मी. तो पोरगा काय म्हणाला? दादा, नजर तो जुवान छे. म्हणाला की नाही?"

म्हणाला होता. मी पण ऐकलं होतं.

"कडेला आळस चढलाय. वय झालं की चढतो. सराव वाढवला की उतरेल."

आणि वाढवला. पहाटे उठून दोन-दोन तास त्या फुलांमध्ये बसायचे. डोळ्यांतून पाणी यायचं. जो माणूस सगळं आयुष्य पोरांना सांगत आला की कड मेहनतीनं मिळते, त्याला कड गेली तर मेहनत कमी पडली असंच वाटणार ना? दुसरं काही असू शकतं हे त्याच्या मनात येणारच कसं? मला डॉक्टरचं कळत नव्हतं, पण फूल पुढं सरकतंय एवढं कळत होतं.

हनुमान जयंती आली. चौघांची नावं त्यांनी सांगितली. डावीकडं मंगल.

मी आदल्या दिवशी त्यांच्या खोलीत गेले. आखाड्याच्या मागंच खोली होती त्यांची. म्हटलं, "मास्तर, यंदा घेर नको."

"का?"

"तुम्हाला माहितीय का ते. आणि डावीकडं माझी पोरगी आहे. तिच्या हातून काही झालं तर ती जन्मभर जेवायची नाही नीट."

ते लाठीला तेल चोळत राहिले. मग म्हणाले, "गेल्या वर्षीपण मला डावीकडचं दिसत नव्हतं. पावलाचा आवाज येतो, बाई. लाठी उचलताना माणूस श्वास ओढतो, तो येतो. नेलं ना निभावून?" मग आवाज खाली आणला. "तिला सांगू नको. तिनं हात राखला तर मी संपलो. घेर नसला तर मग मी कोण? माती चाळायला तू आहेस."

मी मंगलला नाही सांगितलं. त्यांचं होतं ते. त्यांनीच ठरवायचं.

पण त्या वर्षी आखाड्याची कमिटी नवीन होती. त्यांना वाटलं, गर्दी जमवायची तर थाट पाहिजे. मोठा स्पीकर आणला, ताशेवाले आणले. मास्तर म्हणाले, घेराच्या वेळी बंद ठेवा. हो हो म्हणाले सगळे. घेर सुरू झाला, जयेशचा वार समोरून आला, मास्तरांनी अडवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ताशेवाल्यांना वाटलं आता वाजवायचंय. धडाधड सुरू झाले. कमिटीतला एकजण हात हलवत त्यांच्याकडं पळाला, पण त्या आवाजात त्याचं कोण ऐकतंय.

मी दुधाच्या पातेल्याजवळ उभी होते. मास्तरांचा चेहरा मला दिसत होता. नजर खिळ्यावर. कानाजवळची शीर उडत होती. 

मंगल आली. पाऊल टाकलं, लाठी उचलली, पुरा वार आणला.

आणि थांबवला.

लाठी मास्तरांच्या कानशिलापासून बोटभर अंतरावर थांबली. ताशेवाल्यांनीही ते बघितलं असावं, कारण वाजवणं एकदम बंद पडलं. सगळ्या आखाड्याला ती लाठी दिसत होती. बायकांना, पोरांना, ओट्यावर चढलेल्या शेवउसळवाल्याला. फक्त मास्तरांना दिसत नव्हती. ते आपले पाय रोवून, लाठी धरून, खिळ्याकडं बघत उभे. वाराची वाट बघत.

कुणी हललं नाही. त्या शांततेनंच त्यांना कळलं असेल. मास्तरांनी हळूहळू मान डावीकडं वळवली. लाठीचं टोक समोर आलं तेव्हा ते दिसलं त्यांना.

"हात राखलास?"

"हो मास्तर."

"का?"

मंगल लाठी तशीच धरून होती. "तुम्ही बघितलं नाही म्हणून."

"मी बघतच नाही. मला दिसतं," मास्तर म्हणाले. मग लाठीच्या टोकाला हात लावला. "दिसलं नाही."

मंगलनं लाठी खाली ठेवली आणि घेराबाहेर निघाली. नियमच होता. मास्तरांनी तिला हाक मारली. "तू नाही." वाकून त्यांनी चिमूटभर माती कपाळाला लावली, आपली लाठी दोन्ही हातांवर आडवी धरून तिच्या हातात दिली आणि स्वतः बाहेर निघाले.

दरवाजा डावीकडं होता. तो शोधायला त्यांना मान वळवावी लागली. एकदा वळवली, परत वळवली. सगळ्यांनी बघितलं.

रात्री मंगल जेवली नाही. म्हणाली, "आई, मी लाठी उचलली की त्यांचा खांदा आधी हलतो. दरवेळी. आज हललाच नाही. मग मी कशी मारू?" मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मला म्हणावंसं वाटलं की तुला जे दिसलं ते त्यांनीच शिकवलेलं. पण तिला ते कळत होतं. म्हणून तर रडत होती.

त्यानंतर मास्तर डॉक्टरकडं यायला तयार झाले. मीच घेऊन गेले. डॉक्टरीण लहान वयाची होती, गोड बोलणारी. तिनं त्यांना एका मशीनपुढं बसवलं. पांढरी पोकळ वाटी असावी तसं, त्यात तोंड घालून बसायचं. एक डोळा झाकला, हातात बटण दिलं. गुजरातीत म्हणाली, "दादा, मधे ठिपका आहे ना, त्याच्याकडंच बघायचं. नजर हलवायची नाही. कडेला बारीक दिवा लागेल. दिसला की बटण दाबायचं."

मास्तर त्यातून तोंड काढून माझ्याकडं बघून हसले. किती महिन्यांनी हसले. "अगं, ही तर माझीच तालीम!"

बसले मग. पाठ ताठ, हनुवटी स्थिर. खोलीत अंधार केला. मशीनची बारीक घरघर यायची, थांबायची, परत यायची. म्हणजे दिवा लागत असणार. मी मागं उभी राहून बटणाचा आवाज ऐकत होते. एक टक झालं. मग घरघर, घरघर, घरघर. मग एक टक. मग कितीतरी वेळ नुसतीच घरघर. मी मनात म्हणत होते, दाबा मास्तर. दाबा की. त्यांचं बोट बटणावर तयार होतं, पोरं उभी असायची ना लिंबू यायची वाट बघत, तसं. पण ते दाबणार कसं? खोटं ते कधी खेळले नव्हते.

दुसऱ्या डोळ्यालाही तसंच.

डॉक्टरीण म्हणाली, "दादा, इतकं स्थिर कुणी बसत नाही. नजर जराही हलली नाही तुमची." मास्तरांनी मान डोलावली. शाबासकी घेतली त्यांनी.

कागद निघाला त्यावर डोळ्याचं चित्र होतं. मधे थोडं पांढरं, आजूबाजूला सगळं काळं. डॉक्टरीण म्हणाली, काचबिंदू आहे. हा कडेनं खात येतो, मधलं शेवटपर्यंत ठेवतो, म्हणून माणसाला वाचता येतं आणि त्याला वाटतं डोळे चांगले आहेत. गेलंय ते परत येणार नाही. उरलंय ते थेंबांनी जितकं राखता येईल तितकं राखू.

"आणि सराव केला तर?" मास्तरांनी विचारलं.

"सरावाचा काही संबंध नाही, दादा. आधी आला असतात तर औषधानं थांबवता आलं असतं."

रिक्षात ते डाव्या बाजूला बसले होते, मी उजवीकडं. बाजूनं गाड्या सणसणत जात होत्या. कागदाची घडी करत म्हणाले, "मी झेंडू टांगत बसलो."

मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत."

"पोरांना सांगत आलो, मेहनत केली की कड मिळते."

"मिळते की. मंगलला मिळाली."

"हं. मिळते." मग बाहेर बघत म्हणाले, "जाताना मात्र विचारत नाही गं, किती मेहनत केली होती म्हणून."

पुढची वर्षं मी थेंब घालायचे, सकाळ-संध्याकाळ. मास्तरांचा पुतण्या गोत्रीला राहायचा, फ्लॅटमध्ये. चांगला होता. घेऊन गेला त्यांना, पण ते राहिले नाहीत. म्हणाले, तिथं भिंती कुठं आहेत ते मला पाठ नाही. परत खोलीत आले. ओट्यावर बसायचे. सवयीनं समोर बघायचे, पण नावं घ्यायचं सोडून दिलं होतं. जोशीबाई मुद्दाम त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहायच्या. "मास्तर, वांगी घेतलीत आज." ते म्हणायचे, "दिसतायत हो. समोरचं दिसतं मला. आता लग्नाला हरकत नाही." हसायच्या त्या. घरात जाऊन डोळे पुसायच्या.

चहा मी समोर ठेवायला लागले. आणि जवळ जाताना आधी खाकरायचे, चपला घासत जायचे. एकदा ते म्हणाले, "हे माझंच शिकलीस." मी म्हटलं, "हो."

मंगलचं लग्न झालं, ती वाघोडियाला गेली. तिथल्या कारखान्यात पाळीवर जाते. मास्तरांची लाठी तिच्या घरात दाराच्या मागं आहे. पोरींना शिकव म्हणून लोक मागं लागले, ती नाही म्हणते. मी जोर करत नाही. जयेश आखाडा बघतो. खिळ्याला शेंदूर लावतो दर मंगळवारी. पण फोनची बादली आता नाही. पोरांचे आईबाप फोन करतात म्हणे.

शेवटच्या उन्हाळ्यात मास्तरांना दिसायचं ते हातभर लांबच्या ताटलीएवढं. माझा चेहरा बघितला तर हात दिसायचा नाही, हात बघितला तर चेहरा नाही. ताप धरला तो उतरेना. मी उशाशी बसायचे. उजवीकडं बसायचे, कारण त्या बाजूचं त्यांना अजून थोडं दिसायचं.

त्या दुपारी मी पंख्याखाली बसून त्यांच्या कपाळावर ओला फडका ठेवत होते. ते एकदम म्हणाले, "बाई, डावीकडं जाऊन बस."

मी म्हटलं, "मास्तर, तिकडनं मी दिसायची नाही तुम्हाला."

"माहितीय."

"मग?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, "त्या बाजूला कुणीतरी असू दे."

मी उठले. खाकरले. पलंगाला वळसा घालून, चपला घासत, डावीकडं जाऊन बसले. त्यांचा डावा हात पांघरुणाबाहेर होता, तो हातात घेतला. त्यांनी मान वळवली नाही.